ताईच्या शेडमध्ये आकडा मोठ्याने बोलतात

ताईची आणि माझी ओळख सुईच्या टोकावर झाली.

रक्त तपासायला मी एका सकाळी प्रयोगशाळेत गेले होते. माझ्या पुढे एक धिप्पाड गृहस्थ बसले होते, बाही वर सारून आणि तोंड भिंतीकडे फिरवून. त्यांनी भिंतीलाच विचारलं, "दुखणार नाही ना?"

"दुखेल," रक्त घेणारी बाई म्हणाली. "तीन आकडे मोजेपर्यंत. एक मी म्हणते, तेव्हा टोचेल. दोन आणि तीन तुम्ही म्हणा."

गृहस्थांनी दोन आणि तीन एका श्वासात उरकून टाकले. बाकावरची माणसं हसली, मग ते स्वतःही हसले.

माझी पाळी आली तेव्हा तिने माझा हात चाचपला. "शीर दडून बसलीय तुमची. माझी सुई कदाचित चुकेल. चुकली तर दुसऱ्या हातात बघू."

माझा जन्म शाळेत गेला. लस टोचायला माणसं यायची तेव्हा 'काही नाही होत, काही नाही होत' म्हणत मुलांचे हात मीच धरायचे आणि मुलं छत डोक्यावर घ्यायची. इथे एक बाई सरळ सांगत होती की सुई चुकू शकते, आणि माझा हात आपोआप सैल पडला होता. सुई काही चुकली नाही. पण त्या सैल पडलेल्या हाताचं नवल मात्र मला घरी येईपर्यंत पुरलं.

कापूस दाबून धरायला सांगताना तिने विचारलं, "बाई, खुर्चीतून उठताना हात टेकता का?"

"टेकते."

"मग संध्याकाळी शेडमध्ये या. नुसती काठी देईन हातात."

"कसली शेड?"

"वजन उचलायची."

मी हसले. ती हसली नाही. तिने शेडचा पत्ता सांगितला आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

बसच्या डेपोमागे टायर ठेवायची एक जुनी शेड होती. टायर गेले होते, त्यांचा वास राहिला होता. जमिनीवर जाड रबर अंथरलेलं, त्यावर लाकडाच्या तीन चौरस फळ्या, भिंतीला लोखंडी घोडे, घोड्यांवर लांब दांडे, त्यांना तिथे बार म्हणत, आणि बारला लावायच्या काळ्या प्लेटा. कोपऱ्यात स्टुलावर एक टवके उडालेलं पातेलं, त्यात पांढरी भुकटी. घामाने पकड सुटू नये म्हणून उचलण्याआधी मुलं त्यात हात घोळवायची. पंखा एकच होता आणि तो ज्याच्या डोक्यावर यायचा तो त्या दिवसाचा भाग्यवान. सातआठ मुलं-मुली, सगळी तेरा ते अठरामधली. मला हातात खरोखरच एक काठी मिळाली, आणि तिच्यासह खाली बसायचं आणि उठायचं काम.

"आजी, जरा दमानं. काठी वाकेल," असं पहिल्याच दिवशी मला म्हणाला तो रणगाडा. त्याला सगळे रणगाडाच म्हणायचे. रुंद, गोल, आवाज डेपोतल्या गाड्यांच्या वर जाणारा. शेडमधला सगळ्यांत ताकदीचा आणि सगळ्यांत बडबड्या.

"आजी नाही, बाई म्हण," ताईने सांगितलं. "त्यांनी तुझ्यासारखे पाचशे सरळ केलेत."

"माझ्यासारखा एकच आहे, ताई. देवाने साचा मोडून टाकला."

"मोडला नाही. तू त्यावर बसलास."

अशी भाषा तिथे चालायची. पण कुणी फळीवर उभं राहिलं की सगळे गप्प. त्या शेडचा एक रिवाज होता, तो मला दुसऱ्या दिवशी कळला. उचलणाऱ्याने स्वतःच्या बारला प्लेटा लावायच्या नाहीत. त्या दुसऱ्याने लावायच्या. लावणाऱ्याने लावून झाल्यावर वजनाचा आकडा मोठ्याने बोलायचा, उचलणाऱ्याने तोच आकडा परत बोलायचा, आणि मगच बारला हात लावायचा.

"चाळीस!"

"चाळीस."

मला आधी ते पाढे म्हणण्यासारखं वाटलं. ताईला विचारलं तर म्हणाली, "उचलणाऱ्याच्या डोक्यात तेव्हा बाकी काही नसावं, बाई. मोजदादही नसावी. मोजायचं काम दुसऱ्याचं."

तिची आणखी एक रीत. नवीन मूल आलं की पहिले काही आठवडे ते उचलायला शिकायचंच नाही, नुसतं टाकायला शिकायचं. बार पुढे कसा सोडायचा, मागे कसा सोडायचा, आपण कुठल्या बाजूला निसटायचं. आईबाप येऊन बघायचे आणि नाकं मुरडायचे. ताई त्यांना समजावत बसायची नाही. मला मात्र एकदा तिने हाताने दाखवलं. आपल्याला वाटतं, माणूस वजन वर ढकलतो. तसं नसतं. बार थोडा वर येतो, क्षणभर हवेत थबकतो, आणि त्या क्षणात माणूस स्वतः त्याच्याखाली जातो. "खाली जायला धीर लागतो," ती म्हणाली. "निसटता येतं हे ठाऊक असलेलं मूलच खाली जातं."

त्यानंतर मी काठी बाजूला ठेवून नुसतीच बघत बसायचे तो क्षण. एवढीशी पोरं, आणि डोक्यावर लोखंड असताना त्याच्याखाली शिरायची.

ताईचं घर शेडपासून चार गल्ल्यांवर. नवरा घरं रंगवायचा, बोलायला कमी, आणि शेडच्या भिंती उरलेल्या रंगांनी रंगवलेल्या, म्हणून एक भिंत हिरवी, एक फिकट गुलाबी. सासू मात्र बोलायला भरपूर. "शेडमध्ये लोकांच्या पोरांना लोखंड उचलायला लावते," त्या मला सांगत, "आणि घरात गॅसचं सिलिंडर सरकवायला सांगितलं की हिची कंबर धरते." ताई पलीकडून ओरडायची, "आई, तो आकडा कुणी मोठ्याने बोलत नाही ना!" दोघी हसायच्या. तरुणपणी ताई स्वतः उचलायची, पण नाव व्हावं इतकं काही झालं नाही. खरं बोलायची ही सवय कुठून लागली, असं मी एकदा विचारलं. म्हणाली, "खोटं बोललं की कुणाला काय सांगितलं ते मला आठवत नाही. आळस आहे, दुसरं काय."

मुंगी त्या शेडमध्ये माझ्या थोडी आधी आली होती. बारीक, काटक, गप्प. स्वतःच्या वजनापेक्षा जास्त उचलायची म्हणून मुंगी. शहराच्या दुसऱ्या टोकाच्या एका व्यायामशाळेतून आली होती. तिथल्या सरांच्या मुलांना पदकं मिळायची, हे खरं. सरांची पद्धत अशी की मुलाची भीती जावी म्हणून आकडा कमी सांगायचा आणि वजन जास्त लावायचं. मूल उचलून मोकळं झालं की खरं सांगायचं. बहुतेकांना ते आवडायचं. मुंगी एकदा अशाच बारखाली गेली आणि तो तिला वाटलं होतं त्याहून जड निघाला. मनगट दुखावलं, ते बरं झालं. पण त्यानंतर ती प्लेटा मोजायला लागली. ताईच्या शेडमध्येही कुणी आकडा बोललं की ती होकार द्यायची, मग बारच्या एका टोकाला जाऊन प्लेटांच्या कडांवरून बोट फिरवायची, मग दुसऱ्या टोकाला. मग परत पहिल्या.

हे सगळं मला ताईने सांगितलं होतं, मुलांना नाही. "तिची गोष्ट आहे. तिला वाटेल तेव्हा ती सांगेल." मोजण्याबद्दल तिने मुंगीला कधी टोकलं नाही. मुंगी मोजून होईपर्यंत आख्खी शेड थांबायची. रणगाडा तेवढ्यात जांभई द्यायचा, पण बोलायचा नाही.

उलट या दोघांचं मेतकूट जमलं. तो बडबड करायचा, ती ऐकायची. तिचा बार बहुतेक तोच लावायचा. "ए मुंगी, वारुळात काय म्हणतात?" असं काहीतरी रोज. ती उत्तर द्यायची नाही, पण ओठाचा एक कोपरा हलायचा.

पन्नासवर मात्र मुंगी अडकली होती. पंचेचाळीस अगदी सहज जायचं. पन्नासचा बार ती खांद्यापर्यंत आणायची, आणि मग पाय हलायचेच नाहीत. खाली जायचीच नाही. बार तसाच पुढे टाकून द्यायची. महिना गेला, दुसरा गेला. ताई म्हणायची, "राहू दे. आज पंचेचाळीस." तिची काही घाई नव्हती. घाई रणगाड्याला होती. त्याच्याने ते बघवेना.

एका संध्याकाळी मुंगी फळीवर आली. रणगाड्याने प्लेटा लावल्या आणि बोलला, "पंचेचाळीस!"

"पंचेचाळीस," मुंगी म्हणाली आणि बारच्या टोकाकडे न जाता सरळ बारला भिडली. खांद्यावर घेतला. एक श्वास. खाली गेली, वर आली, हात सरळ. बार डोक्यावर स्थिर. मग तिने तो टाकला.

"पन्नास!" रणगाडा असा ओरडला की पंख्यावरची धूळ खाली यावी. "मुंगी, पन्नास होते! पन्नास उचललेस तू!"

मुलांनी टाळ्या पिटल्या. मीही पिटल्या, आधी ते सांगते. दोन मुलींनी तिला मिठी मारली. त्या मिठीत मुंगी खांबासारखी उभी होती. मग ती खाली बसली, बाहेरची मोठी प्लेट काढली. दोन मोठ्या प्लेटांच्या मधे एक पातळशी प्लेट दडवलेली होती. ती हातात घेऊन तिने थोडा वेळ नुसती बघितली. दुसऱ्या टोकाची काढून बघायची तिला गरज वाटली नाही. प्लेट तिने घोड्यावर जागच्या जागी ठेवली, बूट बदलले आणि गेली.

"रडायला लागली का आनंदाने?" कुणीतरी विचारलं.

मी ताईकडे बघितलं. ताईचा चेहरा पडला होता. "गेला आठवडाभर तिने मोजणं सोडलं होतं," ती हळूच मला म्हणाली. "लक्षात आलं होतं तुमच्या?"

माझ्या लक्षात आलं नव्हतं.

मुलांना घरी पाठवून ताईने रणगाड्याला थांबवलं. तोवर त्याचाही रंग उतरला होता. आपण काहीतरी केलंय, पण काय ते कळत नाही, असा चेहरा मी शाळेत पुष्कळ बघितलाय.

"ताई, मी तिच्या भल्यासाठी केलं. सगळीकडे करतात असं. तिला कळायला हवं होतं ना, की तिला जमतं!"

"भल्यासाठी केलंस हे मला ठाऊक आहे," ताई म्हणाली. "म्हणूनच पंचाईत आहे. खोडी काढली असतीस तर आठवडाभर शेड झाडायला लावून मोकळी झाले असते."

मग तिने त्याला मनगटाची गोष्ट सांगितली, मोजण्याचं सांगितलं, आणि त्यात स्वतःचंही सांगितलं. "हे मी तुम्हाला आधी सांगायला हवं होतं. तिची गोष्ट म्हणून गप्प बसले. चूक झाली माझी."

एवढा रणगाडा, पण भुकटीच्या पातेल्याशेजारी उकिडवा बसला तेव्हा केवढासा दिसला. "मी आत्ता जातो तिच्या घरी. पाय धरतो."

"नको जाऊस. तू गेलास की तिला तुला माफ करावं लागेल. तिच्यावर ते आणखी एक ओझं कशाला?"

"मग मी काय करू?"

"उद्या ये. नेहमीसारखा."

"मला काढणार नाही?"

"तुला काढलं तर तुझं वजन कोण उचलणार?" ताई म्हणाली. तो हसला नाही, पण दुसऱ्या दिवशी आला.

मुंगी आली नाही. त्या आठवड्यातही नाही, पुढच्याही नाही. तिची आई शाळेच्या मुलांची व्हॅन चालवायची. ती माझ्या हाताखाली शिकलेली. मला रस्त्यात गाठून म्हणाली, "बाई, ती म्हणते खेळ बंद. मला बंद झाला तरी चालेल हो. लोखंडच ते. पण ती जेवताना बोलत नाही, शाळेतून आली की भिंतीकडे तोंड करून पडते. कुणी चहा दिला तर विचारते, यात काय घातलंय?"

मी ताईला घेऊन त्यांच्या घरी गेले. दोन खोल्या, दारात व्हॅन. मुंगी खाटेवर बसली होती, गुडघे पोटाशी घेऊन. आता ताई तिला समजावेल, असं मला वाटलं. मी स्वतः काय काय बोलावं याची वाटेत जुळवाजुळव करून ठेवली होती. ताईने खुर्ची ओढली आणि म्हणाली, "मला एक माणूस कमी पडतोय. उचलायला नाही. लावायला."

मुंगी नखाने चादरीचा धागा ओढत राहिली.

"उचलायचं नाव काढणार नाही मी. यंदाच्या स्पर्धेतून नाव काढून घेतलंय तुझं. नुसतं येऊन प्लेटा लावायच्या आणि आकडा बोलायचा."

"कुणाच्या?"

"सगळ्यांच्या."

"त्याच्याही?"

"आधी त्याच्याच."

मुंगीने पहिल्यांदा वर बघितलं. तिची आई ओट्यापाशी ओलं फडकं हातात धरून उभी होती. माझी जुळवाजुळव माझ्यापाशीच राहिली. पुढे कधीतरी मी ताईला विचारलं, हे तुला सुचलं कसं? ती म्हणाली, "सुचलं कसलं, बाई. 'विश्वास ठेव' असं सांगून कुणी ठेवतं का? पण दुसऱ्याने आपल्यावर टाकला तर तो कुठेतरी ठेवावाच लागतो. म्हटलं, बघू."

पहिल्या दिवशी काय झालं ते आठवलं की मला अजून हसू येतं. रणगाडा फळीवर आला. ऐंशी लाव, असं तो चाचरत म्हणाला. मुंगीने प्लेटा लावल्या. खाली वाकून, पाठ त्याच्याकडे करून, सावकाश. मग बाजूला झाली आणि तोंडाला कुलूप.

"किती?" रणगाड्याने विचारलं.

शेडमध्ये सगळ्यांच्या माना ताईकडे वळल्या. ताई पट्ट्याचं बक्कल लावत होती, आणि ते काही केल्या लागत नव्हतं.

रणगाड्याला मान खाली घालून प्लेटा मोजता आल्या असत्या. त्याने तसं केलं नाही. त्याने पत्र्याच्या छताकडे बघितलं, पातेल्यात हात घोळवले, बार धरला आणि ऐंशीच्या ताकदीने ओढला. बार फुलासारखा वर उडाला. मोठ्या दिसणाऱ्या दोन्ही प्लेटा होत्या सरावाच्या, पोकळ, नवीन मुलांसाठीच्या. रणगाडा हातांत बार घेऊन मागे मागे गेला आणि धप्पकन बसला. फळीवर नाही, भुकटीच्या पातेल्यात.

मग हसण्याचा जो स्फोट झाला त्यात सगळ्यांत आधी आवाज आला तो मुंगीचा. आम्ही तिला कधी मोठ्याने हसताना ऐकलं नव्हतं. रणगाडा पांढरा झाला होता, पुढून नाही, मागून.

"झालं?" ताईने मुंगीला विचारलं. "फिटलं?"

"नाही," मुंगी म्हणाली, हसता हसता डोळे पुसत.

"बरं. पण हे एकदाच. पुढच्या वेळी तोंडाने बोलायचं."

पुढच्या वेळी ती बोलली. आधी पुटपुटल्यासारखी, मग ऐकू येईल अशी. रोज यायची, सगळ्यांचे बार लावायची. स्वतःच्या हाताने कडा पुसून, दोन्ही बाजू बघून, क्लिपा दाबून. "साठ!" "साठ." "बावन्न!" "बावन्न." मुलं तिच्या आकड्यावर डोळे मिटून फळीवर जायची. त्यात काही ठरवलेलं नव्हतं. ती त्यांची रोजचीच सवय होती, आणि कदाचित म्हणूनच ती कामी आली असावी. सगळे गेले की मुंगी रिकामा बार घेऊन एकटीच चार वेळा उचलायची. त्याला कुणी काही लावायचं नाही आणि त्यावर कुणी काही बोलायचं नाही.

रणगाड्याची बडबड मात्र थांबली होती. ज्या वजनाशी तो गप्पा मारत खेळायचा ते त्याला जड जायला लागलं. ताईने जुन्या प्लेटा त्याच्या पुढ्यात ठेवल्या, नवऱ्याकडून पांढरा रंग आणि ब्रश आणून दिला. घासून आकडे पुसट झाले होते, ते परत रंगवायचं काम. तो रंगवत बसायचा आणि ती शेजारी बसून मुलांकडे बघायची. दोघं बोलायची नाहीत फारसं. एकदा मी काठी घेऊन जवळच उठबस करत होते, तेव्हा कानावर आलं.

"ताई, ती माझ्याशी बोलतेय. आकडा बोलते, बाकी पण थोडं. तरी मला बरं वाटत नाही."

"नाही वाटणार. अजून थोडे दिवस."

"कधी वाटेल?"

"ते मला ठाऊक नाही."

दुसरं कुणी असतं तर 'वाटेल रे लवकरच' म्हणालं असतं. मीही म्हणाले असते. तो मात्र मान हलवून पुढच्या प्लेटेकडे वळला, जणू एखादी नेमकी तारीख मिळाली असावी.

आणि मग ते झालं. शेडमध्ये पाहुणे आले होते, दुसऱ्या व्यायामशाळेतली चार मुलं. गडबड होती. रणगाडा फळीवर, त्याने नव्वद मागितलेले. मुंगी प्लेटा लावत होती, तेवढ्यात कुणीतरी तिला काही विचारलं, ती वळली, उत्तर दिलं, परत वाकली. "नव्वद!"

"नव्वद."

त्याने बार खांद्यावर घेतला. घेतानाच तो डावीकडे कलला होता. तरी तो खाली गेला, आणि वर नेताना बार एका बाजूला वळला. रणगाड्याने हात सोडले आणि उजवीकडे निसटला, पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं अगदी तसा. बार फळीवर आपटला. सगळी शेड हादरली.

एका बाजूला दहाची प्लेट होती, दुसऱ्या बाजूला पंधराची.

पाहुण्यांपैकी एकजण म्हणाला, "मुद्दाम केलं काय हिने?" मागची हकिकत त्यांच्यापर्यंत पोचली असणार. मुंगीचा चेहरा मी बघितला. रक्त उतरलेला चेहरा म्हणजे काय ते मला त्या दिवशी समजलं. तिचे ओठ हलत होते, पण 'चुकून' हा शब्दही बाहेर येईना. आणि आला असता तरी त्यावर कुणी विश्वास का ठेवावा, हेच त्या पोरीच्या डोळ्यांत होतं. मी ताईकडे बघितलं. ती दोन पावलं पुढे आली होती आणि तिथेच थांबली होती. पण ती बोलली नाही. त्या क्षणी बोलणं किती सोपं होतं आणि न बोलणं किती अवघड, हे मला, चाळीस पोरांच्या वर्गात बोलत राहणं हाच ज्याचा धंदा त्या माणसाला, चांगलं कळतं.

रणगाडा खांदा चोळत उठला. "चुकली ती," तो पाहुण्याला म्हणाला. "माणूस आहे, चुकतो. तू शहाणा आहेस काय?" मग मुंगीला, "लाव परत. नव्वदच."

आणि तो बारकडे पाठ करून उभा राहिला. हात कमरेवर, तोंड गुलाबी भिंतीकडे.

मुंगीने सगळ्या प्लेटा काढल्या. एकेक परत लावली. क्लिप दोनदा निसटली, दोनदा तिने ती परत दाबली. ती एका टोकाला गेली, दुसऱ्या टोकाला गेली, परत पहिल्या. कडांवरून बोट फिरवलं. आख्खी शेड थांबली होती, पूर्वी तिच्यासाठी थांबायची तशी. तो वळला नाही.

"नव्वद," ती म्हणाली. तिने घसा साफ केला. "नव्वद!"

"नव्वद," तो म्हणाला, वळला, आणि प्लेटांकडे एकदाही न बघता बारखाली गेला.

मी देवळातही इतकी शांत कधी बसले नसेन.

त्यानंतर काही दिवसांनी, मुलं घरी जायच्या वेळी, मुंगीने स्वतःचा रिकामा बार फळीवर ठेवला. रणगाडा ब्रश धूत होता. ती त्याच्यापाशी गेली.

"माझा बार लाव."

त्याच्या हातातून ब्रश पडला. "मी?"

"मग काय बाईंना सांगू?"

"किती लावू?"

"पन्नास."

निघालेली मुलं दारातच थबकली. रणगाडा प्लेटा आणायला गेला, आणि ज्याला मी शंभरच्या वर उचलताना पाहिलं होतं त्याला त्या प्लेटा दोन्ही हातांनी धराव्या लागल्या. मुंगी भुकटीच्या पातेल्यापाशी पाठमोरी उभी राहिली. तिने दोन्ही हात नीट घोळवले, एकदा, परत एकदा.

"पन्नास!" त्याचा आवाज चिरकला.

ती वळली. "पन्नास," म्हणाली आणि बारच्या टोकाकडे न जाता सरळ मधे येऊन उभी राहिली. वाकली. बार खांद्यावर आला. ती थांबली, नेहमी पाय अडायचे तिथेच. आमच्या कुणाच्याही छातीत हवा नव्हती. आणि मग ती खाली गेली.

वर आली तेव्हा तिचे हात सरळ होते आणि डोळे उघडे.

मुलांनी शेड डोक्यावर घेतली. मी माझी काठी जमिनीवर आपटत होते. तेवढ्यात सहज ताईकडे नजर गेली. ती मुंगीकडे बघतच नव्हती. ती बघत होती रणगाड्याकडे. तो घोड्याला टेकून, रंगाने माखलेले दोन्ही हात तोंडावर धरून हुंदके देत होता. ताई त्याच्याजवळ गेली, त्याच्या रुंद पाठीवर हात ठेवला, आणि तसाच ठेवून उभी राहिली. एवढे दिवस आम्ही सगळे एकाच पोरीसाठी श्वास रोखून होतो. ती दोघांसाठी रोखून होती.